पहिल्या ट्रायथलॉनआधीची रंगीत तालीम

नाटकवाल्यांकडे रंगीत तालीम असते. पाठांतर झालेलं असतं, हालचाली बसलेल्या असतात, तरी प्रयोगाआधी एकदा सगळं साग्रसंगीत करतात. कपडे, दिवे, रंगभूषा, सामान, सगळं. दोन प्रवेशांच्या मध्ये अर्धाच मिनिट आहे आणि झब्ब्याचे बंद पाठीमागे आहेत, हे त्या दिवशीच कळतं.

ट्रायथलॉनलाही, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं सलग करायच्या स्पर्धेलाही, अशी तालीम लागते. पुण्यात पहिल्या स्पर्धेची तयारी करणारे बहुतेक जण तिन्ही गोष्टी सुट्या सुट्या करतात. मंगळवार-गुरुवार टँक, शनिवारी सायकल, रविवारी विद्यापीठात किंवा तळजाईवर पळणं. प्रत्येक गोष्ट येत असते. पण ओल्या पायांवर मोजे चढवून, हेल्मेट घालून, सायकल हातात धरून पळत बाहेर पडायचं, हे कधी केलेलंच नसतं. स्पर्धेत गडबड होते ती बहुतेक वेळा या सांध्यांमध्ये. तालमीचा हेतू तुमचा वेग तपासणं हा नाही. कुठे अडखळतो ते वेळ हातात असताना शोधून काढणं, एवढाच आहे. त्यामुळे त्या दिवशी चार गोष्टी चुकल्या तर तालीम चांगली झाली असं मी समजते.

हा लेख स्प्रिंट अंतर धरून लिहिला आहे, म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणं. पहिल्या वेळी हेच अंतर निवडावं असं माझं स्पष्ट मत आहे.

तारीख आणि अंतर

स्पर्धेच्या आधीचा दुसरा रविवार धरा, म्हणजे बरोबर दोन आठवडे आधी. शेवटच्या आठवड्यात तालीम केली तर थकवा अंगात राहतो. आणि समजा गॉगल गळतो आहे किंवा बूट चावतो आहे असं कळलं, तर नवा आणून चार वेळा वापरून बघायला दिवस उरत नाहीत.

स्प्रिंटसाठी पूर्ण अंतर करा. ऑलिम्पिक अंतर असेल (१५०० मीटर, ४० किलोमीटर, १० किलोमीटर) तर साधारण दोन तृतीयांश पुरे. हाफची तयारी असेल, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं, तर तालमीत पूर्ण अंतर मुळीच करू नका. दीड किलोमीटर पोहणं, साठेक किलोमीटर सायकल आणि आठ-दहा किलोमीटर पळणं एवढ्यात जे कळायचं ते कळतं.

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर या तालमीच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन या. ट्रायथलॉनमध्ये झालेले बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात झालेले आहेत, म्हणून हे आधी सांगते. छातीत दुखलं, घेरी आली, श्वास आवरेना, तर तिथेच थांबायचं. तालीम नंतरही करता येते.

जागा शोधणं

हेच पुण्यातलं सगळ्यात मोठं काम. टँक एकीकडे, मोकळा रस्ता दुसरीकडे, आणि मध्ये सायकल ठेवायची कुठे हा प्रश्न.

आधी एक गोष्ट निक्षून सांगते. खडकवासला, पानशेत किंवा मुळशीच्या पाण्यात स्वतःहून उतरू नका. खडकवासल्यातून शहराला पिण्याचं पाणी येतं हे एक कारण. दुसरं अधिक मोठं आहे. काठावरून संथ दिसणाऱ्या त्या पाण्यात खाली गाळ आहे, तळ एकदम खोल जातो, आणि तिथे चांगले पोहणारेही बुडाले आहेत. ओपन वॉटरचा, म्हणजे मोकळ्या पाण्यात पोहण्याचा, अनुभव स्पर्धेआधी एकदा तरी घ्यायलाच हवा, पण तो जीवरक्षक आणि बोटी असलेल्या आयोजित सरावात घ्या, कमरेला बांधायचा तरंगता फुगा घेऊन. रंगीत तालमीचं पोहणं टँकमध्येच होईल.

टँकवर आदल्या आठवड्यात जाऊन बोलून ठेवा. बहुतेक ठिकाणी बॅच पाऊण तासाची असते आणि सायकल आत नेऊ देत नाहीत. आमच्या पहिल्या तालमीला गेटवरच्या काकांनी सायकल बघितली आणि म्हणाले, "मॅडम, ही आत नाही हं." मी म्हटलं, "काका, आत नको. पार्किंगच्या कोपऱ्यात एक चटई टाकू द्या फक्त, माझी मैत्रीण शेजारी बसेल." त्यांनी जागा तर दिलीच, वर त्या कोपऱ्यातल्या दोन स्कूटर हलवल्या. आधी विचारलं की पुण्यातही बरंच काही मिळतं.

शेजारी बसणारं माणूस मात्र हवंच. बहीण, नवरा, मित्र, कुणीही. सायकल राखणं, घड्याळ लावणं आणि तुम्ही काय विसरलात ते लिहून घेणं ही त्यांची कामं. मदत करू नका असं त्यांना बजावून ठेवा. स्पर्धेत बाहेरच्या माणसानं बूटही हातात द्यायचा नसतो.

सोसायटीत टँक असेल तर काम आणखी सोपं. सेक्रेटरींना विचारून रविवारची पहाट मागून घ्या. फक्त लांबी मोजून घ्या. २५ मीटरच्या टँकमध्ये ३० लांब्या झाल्या की ७५० मीटर होतात, ५० मीटरच्या टँकमध्ये १५. सोसायटीचे टँक बऱ्याचदा लहान असतात. २० मीटरचा निघाला तर ३८ लांब्या मारा.

सायकलीसाठी सलग वीस किलोमीटर एका दिशेनं जाण्यापेक्षा चार-पाच किलोमीटरचा फेरा निवडा, तोही सगळी वळणं डावीकडची असलेला. म्हणजे समोरून येणारी वाहनं ओलांडावी लागत नाहीत. बाणेर-बालेवाडीकडचे रुंद रस्ते रविवारी सकाळी लवकर बरे पडतात. सिंहगड रस्त्याकडच्यांना धरणाच्या पुढे डोणज्याकडे जाणारा रस्ता आहे, पण गडावर जाणाऱ्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत तिथून परत निघालेलं असावं. एके काळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात वीस किलोमीटर निर्धोक चालवायला इतकं शोधावं लागतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. आदल्या दिवशी त्या फेऱ्यावरून एकदा दुचाकीवर जाऊन या आणि गतिरोधक, खड्डे, वाळू पडलेली वळणं डोक्यात नोंदवून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा पुढचा-मागचा दिवा लागेल.

आदली संध्याकाळ

स्पर्धेच्या आदल्या दिवशी कराल ते सगळं शनिवारी करा. जेवण नेहमीचं, लवकर आणि पचायला हलकं. वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळी. मिसळ नको, मटकीची उसळ नको, नवीन हॉटेल नको. उसळींचा चोथा एरवी चांगलाच, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पळताना तो पोटात नको असतो.

मग सायकल. टायरमध्ये हवा, ब्रेक, चेन, आणि खोगिराखालची पिशवी उघडून आतली प्रत्येक वस्तू बाहेर काढा. हे मी मोठी किंमत देऊन शिकले आहे. माझ्या पहिल्या तालमीत बाराव्या किलोमीटरला मागचं चाक बसलं. ट्यूब होती, टायर काढायचे लिव्हर होते, पंप होता. ट्यूब आत घातली आणि लक्षात आलं की तिचा व्हॉल्व्ह माझ्या जाड रिमच्या बाहेर जेमतेम डोकावतोय, पंप त्याला धरतच नाही. आठ महिने ती ट्यूब माझ्याबरोबर फिरत होती आणि मी ती एकदाही रिमला लावून बघितली नव्हती. सायकल हातात धरून चालत परत आले. हेच स्पर्धेत झालं असतं तर सहा महिन्यांची मेहनत त्या रस्त्याकडेला संपली असती. म्हणून शनिवारी संध्याकाळी घरातच एकदा मागचं चाक काढा, ट्यूब बदला, हवा भरा, चाक परत बसवा. पहिल्यांदा वीस मिनिटं लागली तरी चालेल.

स्पर्धा गावाबाहेर असेल, कोल्हापूर म्हणा, गोवा म्हणा, तर सायकल खोलून न्यावी लागेल. तेही आत्ताच करून बघा. खोगिराच्या दांड्यावर उंचीच्या खुणेला चिकटपट्टी लावा आणि मगच तो काढा. पेडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, तो नेहमीच्या दिशेनं फिरवला तर आणखी घट्ट बसतो. जोडल्यावर दहा मिनिटं चालवून सगळे गिअर बदलून बघा.

सकाळ

पोहण्याच्या अडीच तास आधी खा. सव्वासहाची बॅच असेल तर पावणेचारला उठावं लागेल. हो, तालमीलाही उठायचं, कारण इतक्या लवकर पोट काय स्वीकारतं हेच तर बघायचं आहे. ब्रेड-जॅम आणि केळं बऱ्याच जणांना चालतं. पोहे चालतात, पण तेल आणि दाणे कमी. मला स्वतःला मऊ भात, मीठ आणि थोडं तूप सगळ्यात बरं पडतं. चहा रोज घेत असाल तर घ्या.

निघण्याआधी कमीत कमी कपड्यांत वजन करा आणि लिहून ठेवा. ते परत आल्यावर उपयोगी पडेल.

टँकमध्ये

टँकमधलं पोहणं आणि मोकळ्या पाण्यातलं पोहणं यांत मोठा फरक भिंतीचा आहे. दर २५ मीटरला आपण भिंत धरतो, पायानं ढकलतो आणि नकळत विसावतो. तेव्हा शक्य असेल तिथे भिंतीला हात न लावता, थोडं अलीकडेच वळा. तीस लांब्यांत हे दहा वेळा जमलं तरी दम किती लागतो ते कळेल.

दुसरा सराव नजरेचा. मोकळ्या पाण्यात तळाशी निळी रेघ नसते, दिशा आपली आपण ठेवायची. टँकच्या टोकाला एक भडक रंगाची बाटली ठेवा आणि दर आठ-दहा हातांनी डोळे फक्त पाण्याच्या वर काढून ती बघा. मान पूर्ण उचलली की पाय बुडतात, म्हणून डोळ्यांपुरतंच वर यायचं आणि श्वास नेहमीसारखा बाजूला घ्यायचा. दोघं-तिघं मित्र एकाच लेनमध्ये एकदम सुटलात तर हाताला हात, पायाला हात लागण्याचीही सवय होते. पहिल्या शंभर मीटरमध्ये छाती भरून येते तेव्हा वेग कमी करून श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, हा एकच उपाय माझ्या कामी आला आहे.

शेवटच्या पन्नास मीटरमध्ये पाय जरा जोरात मारा. इतका वेळ आडवं असलेलं शरीर एकदम उभं राहिलं की गरगरतं, आणि आधी पायांकडे रक्त गेलेलं असलं की ते कमी होतं. शिडीवरून सावकाश बाहेर या, आणि टँकच्या काठावर पळू नका.

टी-वन: चटईवरची चार मिनिटं

पोहणं संपल्यापासून सायकलवर बसेपर्यंतच्या टप्प्याला सगळे टी-वन म्हणतात, आणि सायकल संपवून पळायला लागेपर्यंतच्या टप्प्याला टी-टू. माझ्या मते तालमीचा खरा जीव इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

मांडणी अशी करा. सायकल हलक्या गिअरवर उभी. तिच्या शेजारी एक छोटा टॉवेल अंथरलेला, फार तर आपल्या दोन पावलांएवढा. हेल्मेट हँडलवर उलटं ठेवलेलं, पट्टे बाहेर मोकळे, त्यात चष्मा. टॉवेलवर पुढे सायकलचे बूट, मागे पळायचे बूट, त्यांवर टोपी. मोजे बुटात, आधीच तोंडापासून गुंडाळून ठेवलेले, म्हणजे ओल्या पायावर बोटं घातली की सरसर वर उलगडतात. बिब, म्हणजे स्पर्धक क्रमांकाचा कागद, कमरेच्या पट्ट्यावर लावलेला. साधारणपणे तो सायकलवर पाठीमागे आणि पळताना पुढे दिसायला हवा, तेव्हा पट्टा फिरवायची सवय करा.

पाण्यातून चटईवर आलात की क्रम एकच ठेवा: गॉगल-टोपी टॉवेलवर, पाय पुसणं, मोजे, बूट, बिब, चष्मा, हेल्मेट, बक्कल. आणि मगच सायकलला हात. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकल जागेवरून हलवता येत नाही, आणि परत आल्यावर सायकल जागेवर लावेपर्यंत तो सोडता येत नाही. हा ट्रायथलॉनचा नियम आहे आणि तो मोडला की दंड होतो. शिवाय सायकल हातात धरून पळत ठरलेल्या रेषेपलीकडे जायचं आणि तिथेच चढायचं. पळता पळता उडी मारून बसणारे लोक तुम्ही पाहिले असतील. पहिल्या स्पर्धेत ते करू नका. थांबा, पाय टाका, बसा, निघा.

माझा आग्रह असा की तालमीच्या दिवशी टी-वन एकदा करून भागत नाही. घरी बादलीत पाय बुडवून शुक्रवारपर्यंत तीन-चार वेळा करा, आणि रविवारी पूर्ण ओल्या अंगानं. पहिल्यांदा सहा मिनिटं लागली तर घाबरू नका. चार मिनिटांवर आलं तरी पहिल्या स्पर्धेला पुष्कळ झालं. घाईनं वाचवलेले तीस सेकंद सुटलेल्या बुटाच्या बंदात परत जातात, म्हणून बंदांऐवजी लवचिक नाडी बसवून घ्या.

स्पर्धेतल्या ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे सायकली लावायच्या जागेत, शेकडो सायकली सारख्याच दिसतात. पार्किंगच्या कोपऱ्यातही खूण धरायची सवय लावा: गेटपासून तिसरा खांब, झाडाच्या डावीकडे. स्पर्धेच्या ठिकाणीही पाण्यातून येण्याची, सायकलवर बाहेर पडण्याची आणि पळायला निघण्याची वाट आदल्या दिवशी पायी चालून बघायची असते.

सायकल

पहिले दोन किलोमीटर हलक्या गिअरवर. पोहून आल्यावर श्वास वर असतो, तो खाली येऊ द्या. नंतर इतक्या जोरात की चार शब्द बोलता येतील पण गाणं म्हणता येणार नाही. मित्र बरोबर असेल तर त्याच्या चाकामागे लपू नका. बहुतेक हौशी स्पर्धांत ड्राफ्टिंगला बंदी असते आणि दहा-बारा मीटर अंतर ठेवावं लागतं. नक्की किती, ते तुमच्या स्पर्धेच्या नियमपत्रात बघा. कानात गाणी नकोत, स्पर्धेतही ती चालत नाहीत.

दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट पाणी. चालत्या सायकलवर बाटली काढून परत ठेवता येते का ते इथेच समजेल. ओआरएस घेणार असाल तर एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच कालवा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतलं की फार खारट होतं आणि पोट बिघडतं. त्यात साखर मात्र कमी असते, लिटरला साधारण साडेतेरा ग्रॅम, त्यामुळे ताकदीसाठी वेगळं काही हवं. तासाला ३० ग्रॅम कर्बोदकं स्प्रिंटला पुरतात. एक केळं किंवा चार-पाच खजूर झाले की तेवढी होतात. चिक्की मला आवडते, पण धापा टाकताना चावणं कठीण जातं. जेल, म्हणजे ताकदीसाठीची पाकिटातली गोड पेस्ट, घेणार असाल तर पाण्याबरोबरच, आणि पहिल्यांदा ती आजच, स्पर्धेत नाही.

शेवटच्या किलोमीटरला गिअर हलका करा, पाय भराभर फिरवा.

पळणं

टी-टूमध्ये सायकल लावा, पट्टा सोडा, बूट बदला, टोपी घाला, निघा. पाय दुसऱ्याचे वाटतील. मांड्या जड आणि तरी घड्याळात वेग जास्त, असं विचित्र मिश्रण पहिल्या किलोमीटरला होतं, कारण सायकलवरचा पायांचा ठेका तसाच चालू राहतो. मुद्दाम सावकाश जा. दीड-दोन किलोमीटरनंतर पाय आपले होतात. हे एकदा अनुभवलं की स्पर्धेत भीती वाटत नाही. पळायला सपाट रस्ता घ्या. टेकडीचा मोह आज नको.

स्पर्धा किनाऱ्यावर असेल तर पुण्याच्या थंड, कोरड्या सकाळीवर विसंबू नका. तालीम तासभर उशिरा सुरू करा, म्हणजे पळणं नऊच्या सुमाराच्या उन्हात येईल. टोपी भिजवून घालायची की नाही, हेही तेव्हाच ठरेल.

घरी आल्यावर

अंग पुसून पुन्हा वजन करा. समजा एक किलो कमी भरलं आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायलात, तर दीड लिटर घाम गेला. स्पर्धेत तो सगळा भरून काढायचा नसतो. वजन वाढलं असेल तर मात्र पाणी जास्त होतंय, आणि तेही धोक्याचं आहे.

आंघोळीआधीच वही घ्या. नंतर आठवत नाही. मैत्रिणीनं लिहिलेलं आणि तुम्हाला आठवतं ते शेजारी शेजारी मांडा. काखेत कुठे घासलं, मोजा कुठे दुमडला, कोणत्या मिनिटाला तहान लागली, गॉगलवर धुकं कधी आलं. प्रत्येक गोष्टीसमोर एक काम आणि एक तारीख लिहा. घासलं तिथे व्हॅसलिन. ट्यूबचा व्हॉल्व्ह छोटा निघाला तर सोमवारी सायकलच्या दुकानात, रिम बरोबर घेऊन.

पुढच्या दोन आठवड्यांत नवं काही करू नका. मधल्या रविवारी फक्त टी-वन, अर्धा तास सायकल आणि दहा मिनिटं पळणं, वहीतल्या दुरुस्त्या बसल्या का ते बघायला. मग टॉवेल धुऊन वाळवा, मोजे पुन्हा तसेच गुंडाळा आणि सगळं ज्या क्रमानं बाहेर काढायचं त्याच्या उलट क्रमानं पिशवीत भरा. सगळ्यात वर हेल्मेट.